मापांच्या वहीतले चौदा दिवस

या घटनाक्रमातली मुलगी एकच नाही. अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस हा आजार मुलांना होतो तेव्हा तो बहुतेक वेळा एकाच क्रमाने पुढे सरकतो. वैद्यकीय नोंदींमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारा तो क्रम मी इथे एका घरात आणून ठेवला आहे. घर बार्शी तालुक्यातलं. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत शिकणारी. वडील टेम्पो चालवतात, आई गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. मुलीचा श्वास थांबला तो शून्य तास. तास त्याच्या मागे मोजले आहेत.

३३६ तास आधी. रविवार, पहाटे चार

आईला डब्यांच्या आवाजाने जाग आली. मुलगी दिवा न लावता स्वयंपाकघरात बसली होती. फळीवरचे डबे खाली काढायचे, पुन्हा मांडायचे, असं तिचं चाललं होतं. "झोपच येत नाही," म्हणाली. अंग तापलेलं नव्हतं. ताप आठवड्यापूर्वी येऊन गेला होता, दोन दिवसांचा, डोकेदुखीसह, आणि साध्या गोळीने उतरला होता. आईने तिला जवळ घेतलं. उजाडेपर्यंत ती छताकडे बघत बोलत राहिली, आणि त्या बोलण्याला कुठे शेंडा बुडखा नव्हता.

त्या वेळी तिच्या शरीरात काय सुरू होतं, हे आज सांगता येतं. मेंदूच्या पेशींवर एनएमडीए नावाचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. शिकणं, आठवणं, भान राखणं त्यांच्यावर अवलंबून असतं. मुलीच्या प्रतिकारशक्तीने या ग्राहकांविरुद्धच प्रतिपिंडं तयार केली होती. ती ग्राहकांना चिकटतात, दोन-दोन ग्राहक एकत्र बांधतात, आणि पेशी ते आत ओढून घेते. पेशी मरत नाही, तिच्यावरचे ग्राहक तेवढे कमी होतात. म्हणूनच हा आजार उलटवता येतो, आणि म्हणूनच तो ओळखण्याला एवढी किंमत आहे. भुलीसाठी वापरलं जाणारं केटामाइन याच ग्राहकांना अडवतं. ते दिलेला माणूस काय बरळतो, त्याला काय काय दिसतं, हे भूलतज्ज्ञांना नवं नाही. या मुलीला ते औषध कोणी दिलं नव्हतं, तिचं शरीर स्वतःच तसं काम करत होतं.

३०६ तास आधी. सोमवार, सकाळी दहा

प्रार्थनेला ती मोठ्याने हसली. वर्गात बाकाखाली जाऊन बसली, आणि बाहेर काढायला आलेल्या मैत्रिणीच्या हाताला कडकडून चावली. बाईंनी वडिलांना फोन केला. "घरात काही भांडणं वगैरे झालीत का?" असं त्यांनी हळूच विचारलं.

२७४ तास आधी. मंगळवार, संध्याकाळी सहा

नेहमीच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती तपासली, पोट दाबून पाहिलं. सगळं ठीक. परीक्षा जवळ आली आहे, मोबाइल बंद करा, असं म्हणून एक टॉनिक लिहून दिलं. आई उठली नाही. "सर, ती शनिवारपर्यंत अशी नव्हती."

डॉक्टर म्हणाले, "मुलं बदलतात, ताई. या वयात हट्टीपणा येतो."

या वाक्यापाशी मला थांबावंसं वाटतं, कारण पुढचं सगळं इथून फुटतं. मुलांचे बहुतेक मानसिक त्रास आठवड्यांनी, महिन्यांनी वाढतात. आईबापांना विचारलं तर त्यांना सुरुवातीची तारीख सांगता येत नाही. इथे आई वार सांगत होती. आणखी विचारलं असतं तर तिने वेळही सांगितली असती. चांगली असलेली मुलगी एका रात्रीत पालटली, हे आईचं म्हणणं म्हणजे काळजीपोटीची अतिशयोक्ती नव्हे. ते एक लक्षण आहे, आणि तापमापीवरच्या आकड्याइतक्याच गांभीर्याने ते केसपेपरवर लिहायला हवं. २००९ साली या आजाराच्या ३२ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या दहापैकी जवळपास नऊ मुलांमध्ये पहिला बदल वागण्यात किंवा स्वभावात दिसला होता.

अचानक बदलणाऱ्या प्रत्येक मुलाला हाच आजार असतो असं नाही. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गानंतर काही मुलांमध्ये एकाएकी मंत्रचळ आणि चेहऱ्याचे झटके सुरू होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉ. सुझन स्वीडो यांनी १९९८ साली अशा ५० मुलांचं वर्णन केलं आणि त्याला 'पँडास' हे नाव मिळालं. ते निदान नेमकं कोणाला लावायचं, उपचार कितपत करायचे, यावर डॉक्टरांमध्ये आजही मतभेद आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या खेचाखेचीत आईबाप दवाखान्यांचे उंबरे झिजवत राहतात. पण तिथेही सुरुवातीचा प्रश्न हाच असतो: हे नेमकं कधी सुरू झालं? मंगळवारी संध्याकाळी तो प्रश्न कोणी विचारला नाही.

२२६ तास आधी. गुरुवार, संध्याकाळी सहा

चार रात्री ती धड झोपली नव्हती. आता कोपऱ्यात कोणी उभं आहे असं म्हणायला लागली होती, आवाज बदलून बोलत होती. आजी म्हणाली, हे बाहेरचं आहे. शेजारच्या गावच्या देवऋषीकडे नेलं. त्याने अंगारा लावला, लिंबू उतरवून टाकलं, आणि अमावस्येपर्यंत थांबा म्हणाला. मारहाण केली नाही, धुरी दिली नाही. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे आणि त्याच्या मागणीत डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं आयुष्य गेलं. पण लिंबू उतरवणाऱ्याला तो कायदा थांबवत नाही, आणि या आजारात अमावस्येपर्यंत थांबणंच सगळ्यात महाग पडतं.

आजीला दोष देणं सोपं आहे, मला ते जमत नाही. नात दुसऱ्याच आवाजात बोलते आहे हे तिने बरोबर ओळखलं होतं. बदल बाहेरून आला आहे, मूल मुद्दाम करत नाही, हेही ती डॉक्टरांच्या आधी म्हणाली. कारण तेवढं चुकलं. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं क्नूट नावाचं पांढरं अस्वल २०११ च्या मार्चमध्ये शेकडो लोकांसमोर झटका येऊन पाण्यात पडलं आणि बुडून मेलं. चार वर्षांनी संशोधकांनी त्याच्या मेंदूचे जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा त्यांत हीच प्रतिपिंडं सापडली. अस्वलाला कोणी करणी केली नव्हती. हे उदाहरण मला गावोगावच्या आज्यांना सांगावंसं वाटतं.

१९९ तास आधी. शुक्रवार, रात्री नऊ

ताटावर बसल्या जागी तिची मान उजवीकडे वळली, उजवा हात उडायला लागला, मग सगळं अंग. आईने किंचाळून शेजारच्या आशाताईंना, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेला, बोलावलं. त्यांनी मुलीला कुशीवर वळवलं, तोंडात चमचा घालायला निघालेल्या आजीला थांबवलं, आणि आईला म्हणाल्या, "घड्याळ बघ. किती वेळ चालतंय ते लिही."

हाताशी होती ती ब्लाऊजची मापं लिहायची वही. आईने ती उलटी करून शेवटच्या पानावर लिहिलं: ९.०४ ला सुरू. ९.०८ ला थांबली. बोलत नाही. मग १०८ ला फोन लावला.

आशाताईंनी झटक्याची वेळ टिपायला सांगितलं होतं, तेवढंच त्यांच्या प्रशिक्षणात होतं. आईने मात्र त्या रात्री बार्शीच्या दवाखान्यात बसून मागचंही लिहून काढलं. डबे, प्रार्थना, चावणं, कोपऱ्यातला माणूस, प्रत्येकासमोर वार आणि वेळ.

१८४ तास आधी. शनिवार, दुपारी बारा

बार्शीहून सोलापूरला आणलं. सीटी स्कॅन झाला, काही सापडलं नाही. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. झटक्यांचं औषध सुरू झालं. "मेंदूत काही नाही," असं सांगितलं तेव्हा वडिलांना आनंदाने रडू आलं.

या आजारात एमआरआयसुद्धा निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये निर्दोष येतो. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, दहापैकी नऊ जणांमध्ये बिघडलेला असतो. शनिवार होता, ईईजीची खोली बंद होती.

१५४ तास आधी. रविवार, संध्याकाळी सहा

तिने सलाईन उपटून काढलं. आईला ढकलून "तू कोण?" म्हणाली. पूर्ण वॉर्ड हादरला, शेजारच्या खाटेवरची मुलं घाबरून रडायला लागली. स्कॅन चांगला, रक्त चांगलं, मग मनाचाच आजार असणार, असा निष्कर्ष निघाला. मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं, त्यांनी ती स्वतःला इजा करील म्हणून शांत करणारं इंजेक्शन सुचवलं. समोर दिसत होतं त्यावरून ते गैर नव्हतं. आईने वहीत लिहिलं: ७.२० ला सुई.

१३० तास आधी. सोमवार, संध्याकाळी सहा

मूल लाकडासारखं ताठलं. ताप एकशे तीन, घामाने गादी भिजलेली. मनोविकाराच्या औषधांनी असं ताठरणं या आजाराच्या रुग्णांमध्ये वारंवार नोंदलं गेलं आहे, आणि ते घडलं की डॉक्टरांच्या मनात शंका यावी असं मार्गदर्शनही आहे. इथे औषध बंद झालं, शंका काही आली नाही.

८२ तास आधी. बुधवार, संध्याकाळी सहा

ती बोलायची थांबली. आदल्या दिवशी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, आता तोही नाही. ओठ मात्र थांबेनात. चावल्यासारखे, चोखल्यासारखे, जीभ आतबाहेर, आणि हातांची बोटं हवेत काहीतरी विणत असल्यासारखी. राउंडला आलेल्या ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांना सिडनहॅम कोरियाची आठवण झाली. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेली मुलं अजूनही दिसतात, त्यामुळे या पिढीच्या डॉक्टरांची नजर त्याबाबतीत तयार असते. त्यांनी घशाच्या संसर्गाची रक्ततपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी केली. दोन्ही ठीक निघाल्या. पण अंदाजाची दिशा बदलली होती. बुधवारी प्रथमच कोणीतरी म्हणालं की शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटली असेल.

५७ तास आधी. गुरुवार, संध्याकाळी सात

रात्रपाळीला आलेली निवासी डॉक्टर नवीन होती. तिने पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. आई आता बोलून थकली होती, तिने वही पुढे केली. पहिल्या पानांवर छाती, कंबर, बाही, गळा. ती डॉक्टर उलटी वही धरून शेवटून वाचत गेली. डबे, झोप नाही. हसणं, चावणं. कोपऱ्यात माणूस. झटका चार मिनिटं. सुई, ताठ. शब्द गेले. तोंड हलतंय.

निदानाचे निकष २०१६ साली ठरले. लक्षणांचे सहा गट आहेत: वागणूक किंवा आकलन बिघडणं, बोलणं बिघडणं, झटके, अंगाच्या अनैच्छिक हालचाली किंवा ताठरपणा, शुद्ध हरपणं, आणि नाडी, घाम, श्वास यांच्यावरचा ताबा सुटणं. तीन महिन्यांच्या आत यांतल्या चार गटांतली लक्षणं झपाट्याने दिसली, ईईजी किंवा पाठीतल्या पाण्यात बिघाड सापडला आणि दुसरं कारण मिळालं नाही, तर हा आजार संभवतो असं धरायचं. त्या मापांच्या वहीत चार गट होते. ते तीन केसपेपरांवर, दोन गावांत, चार डॉक्टरांच्या हातून वेगवेगळे लिहिले गेले होते. एकाखाली एक असे फक्त आईकडे होते.

न्यूयॉर्कची पत्रकार सुझना कॅहलन २००९ साली याच आजारातून गेली. ती तेव्हा २४ वर्षांची होती. घटस्फोटित आईवडील एकमेकांशी फारसे बोलत नसत, पण रुग्णालयात एकच वही दोघे आळीपाळीने लिहायचे. डॉ. सुहैल नज्जार यांनी तिला घड्याळ काढायला सांगितलं आणि तिने सगळे आकडे एकाच अर्ध्या बाजूला काढले, तेव्हा मेंदूची एक बाजू सुजली आहे हे त्यांच्या लक्षात आलं. आजार २००७ साली डॉ. जोसेप दालमाऊ यांच्या चमूने पेनसिल्व्हेनियात शोधला होता. कॅहलन ही निदान झालेली २१७ वी रुग्ण. तिने या आजारपणावर लिहिलेल्या पुस्तकामुळे जगभरच्या कितीतरी आईबापांना आपल्या मुलांचं वर्णन पहिल्यांदा सापडलं.

४० तास आधी. शुक्रवार, दुपारी बारा

ईईजी झाला. मंद लहरी, सगळीकडे. पाठीतलं पाणी काढायचं म्हटल्यावर वडील घाबरले. पाय जातात असं त्यांनी ऐकलं होतं. निवासी डॉक्टरने जमिनीवर बसून त्यांना सुई कुठे जाते, मज्जारज्जू कुठे संपतो, हे कागदावर काढून दाखवलं. मग त्यांनी सही केली. पाण्यात पेशी वाढलेल्या होत्या. क्षयाची, नागिणीच्या जातीतल्या विषाणूंची, जपानी मेंदूज्वराची तपासणी लावली, विषाणूंवरचं औषधही सुरू केलं. प्रतिपिंडांसाठी पाणी आणि रक्त दोन्ही मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं, कारण काही रुग्णांमध्ये ती रक्तात सापडत नाहीत, पाठीतल्या पाण्यातच सापडतात. अहवालाला काही दिवस लागणार होते.

मेंदूज्वर म्हणजे विषाणू, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं असतं. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या पाहणीत तिशीच्या आतल्या रुग्णांमध्ये हा आजार कुठल्याही एका विषाणूपेक्षा जास्त आढळला होता. ती पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली.

२२ तास आधी. शनिवार, सकाळी सहा

अहवालाची वाट न बघता उपचार सुरू करायचे ठरले. मिथाइलप्रेडनिसोलोन, किलोमागे ३० मिलिग्रॅम. मुलगी २४ किलोची, म्हणजे ७२० मिलिग्रॅम, शिरेतून. हे औषध जिल्ह्याच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात असतं आणि त्याची किंमत सामान्य घराला झेपते. पोटाची सोनोग्राफी झाली. तरुण मुलींमध्ये अनेकदा अंडाशयाच्या गाठीमुळे हा आजार होतो, लहान मुलींमध्ये ती क्वचित असते. इथे नव्हती.

दुसरं औषध इम्युनोग्लोब्युलिन. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून ते काढतात. किलोमागे दोन ग्रॅम, तिला ४८ ग्रॅम लागणार होतं. वडील दर ऐकून बाहेर गेले. टेम्पोचे अजून हप्ते चालू होते. दुपारी परत आले तेव्हा अर्ध्या बाटल्यांची सोय झाली होती. कशी झाली ते त्यांनी आईलाही सांगितलं नाही.

६ तास आधी. शनिवार, रात्री दहा

नाडी एकशे साठ, मग अचानक पंचावन्न. रक्तदाब चढतो, पडतो. घाम, पुन्हा ताप. स्टेरॉइडचा पहिला डोस जाऊन तेरा-चौदा तास झाले होते. आठवडाभर आधी सुरू झालं असतं तर काय झालं असतं, हे एका मुलीबद्दल कोणी छातीठोक सांगू शकत नाही. उपचार लवकर सुरू झालेले रुग्ण अधिक चांगले सुधारतात, एवढं अभ्यास स्पष्ट सांगतात. आईने लिहिलं: ११.४० ला श्वास मोठा घेते, मग थांबते. तिने नर्सला बोलावलं. नर्सने मॉनिटर पाहिला आणि धावत गेली. खाट अतिदक्षता विभागात हलवली. व्हेंटिलेटर शेजारी आणून ठेवला.

शून्य तास. रविवार, पहाटे चार

मेंदूकडून श्वासाचा आदेश येणं थांबलं. यंत्र तयार होतं, नळी घालायला दीड मिनिट लागलं. आदल्या रविवारी ती साध्या वॉर्डात होती, त्याच्या आधीच्या रविवारी स्वयंपाकघरात. त्यांपैकी कुठेही हे घडलं असतं तर मुलगी गेली असती.

शून्यानंतर

अहवाल बुधवारी आला. पाठीतल्या पाण्यात प्रतिपिंडं होती, रक्तात नव्हती. इम्युनोग्लोब्युलिनचा कोर्स पूर्ण झाला. पुढे रिटुक्सिमॅब द्यावं लागलं, ते आता भारतात बनतं म्हणून शक्य झालं. व्हेंटिलेटरवर ती कित्येक आठवडे होती.

या आजारातून मुलं परततात ती बहुतेक उलट्या क्रमाने. जे शेवटी गेलं ते आधी येतं. आधी श्वास, मग नाडी स्थिर होणं, मग डोळे, मग हातापायांचा ताबा, मग शब्द. झोप आणि स्वभाव शेवटी येतात, आणि त्याला महिने लागतात, कधी दोन वर्षं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी पाचांपैकी चार जण स्वतःचं सगळं स्वतः करण्याइतके बरे झाले होते. साधारण १२ टक्क्यांना त्या काळात आजार पुन्हा उलटला, आणि ३० जण दगावले.

जूनमध्ये ती शाळेत गेली. पाढे येत होते, पण पटकन चिडायची, रांगेत थांबायची नाही, मधल्या सुट्टीत कोणाला तरी ढकलायची. ऑगस्टमध्ये बाईंनी आईला बोलावून घेतलं. आजारपणात लाड झाले, आता हट्टी झाली आहे, असं त्यांचं म्हणणं. आई दवाखान्याची फाईल घेऊनच गेली होती.

"मॅडम, हे आजारातलंच राहिलंय. डॉक्टर म्हणालेत, अजून वर्षभर असं चालेल. ती मुद्दाम करत नाही. तुम्ही रागवा, पण वर्गाबाहेर काढू नका. आणि कधी ती एकदम गप्प झाली, नाहीतर असंबद्ध बोलायला लागली, तर मला त्याच दिवशी फोन करा. किती वाजता झालं ते बघून ठेवा."